जत्रेतली दशावताराची रात्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोकणात रात्री करायला काही नसतं, असं किनाऱ्यावर चार दिवस राहून परतलेले पर्यटक हमखास सांगतात. त्यांना तसं वाटणं साहजिक आहे, कारण सिंधुदुर्गातलं रात्रीचं संगीत हॉटेलांच्या आसपास वाजत नाही. ते वाजतं देवळापुढच्या मांडवात, पालखी फिरून आल्यावर, आणि उजाडेपर्यंत चालतं. त्रिपुरारी पौर्णिमा झाली की सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण, कणकवली, देवगड या तालुक्यांत गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि पार उन्हाळ्यापर्यंत चालू राहतात. जत्रा म्हटली की रात्री दशावतार, म्हणजे पुराणकथांवरचं इथलं गाण्याचं लोकनाट्य. तिकीट नाही, नंबराची खुर्ची नाही, पेटी आणि मृदंग तुमच्यापासून हाताच्या अंतरावर.

मुंबई-पुण्याहून येणारी बरीच मंडळी दशावताराला जातात, मुकुट घातलेल्या राजाचे फोटो काढतात आणि तासाभरात परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही गाण्याची रात्र समजून जा. वादकांच्या जवळ बसा आणि काला, म्हणजे उजाडतानाची दहीहंडी, होईपर्यंत उठू नका. बाकीच्या सूचना त्यासाठीच आहेत.

कधी आणि कुठल्या गावात

जत्रा तिथीवर ठरतात, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या पाठोपाठ येते. तिथे रात्री नवस फेडायला भाविक देवळाभोवती लोटांगणं घालतात. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला महाशिवरात्रीची यात्रा भरते. मालवण तालुक्यात मसुरे गावची आंगणेवाडी आहे. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो जाहीर झाला की मुंबईतल्या चाकरमान्यांची रेल्वे आरक्षणासाठी धावपळ सुरू होते.

या मोठ्या नावांवर पहिली रात्र खर्च करू नका. आंगणेवाडीला लाखो माणसं येतात. देवीच्या दर्शनासाठी जरूर जा, पण गाणं ऐकायचं असेल तर लहान गावाची जत्रा गाठा, जिथे सगळा मांडव मिळून दोन-तीनशे माणसं असतील आणि मृदंगाचा खरा आवाज भोंग्याशिवायही कानावर येईल. अशा जत्रा डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ रोज कुठे ना कुठे असतात. शोधायच्या कशा? मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, आरोलकर, खानोलकर, आजगावकर ही दशावतारी मंडळांची जुनी नावं आहेत, आणि अशी बरीच मंडळं मोसमात रोज वेगळ्या गावात असतात. आज कुठलं मंडळ कुठे, हे स्थानिक पेपरांत आणि व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर फिरत असतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे जिथे उतरला असाल तिथल्या घरमालकांना किंवा नाक्यावरच्या रिक्षावाल्याला विचारणं. ‘आज जत्रा खय आसा?’ एवढं विचारलं की नाटक कुठलं, मंडळ कुणाचं आणि पेटीवर कोण बसणार, इथपर्यंत माहिती मिळते.

एक फरक माहीत असू द्या. जत्रेतला दशावतार रात्रभर चालतो. सत्यनारायणाच्या पूजेला, मंडळाच्या वर्धापनदिनाला किंवा गणपतीच्या दिवसांत ठरवलेला प्रयोग लवकर सुरू होतो आणि दोन-तीन तासांत आटोपतो. पोस्टरवर ‘ट्रिकसीनयुक्त’ असं ठळक छापलेलं दिसलं तर तिथे रोषणाई आणि चमत्कार जास्त असणार. लहान मुलं बरोबर असतील तर असा प्रयोग सोयीचा. पण पहिला अनुभव शक्यतो जत्रेतलाच घ्यावा.

जाण्यायेण्याची सोय आधी करा

कोकण रेल्वेने आलात तर कुडाळ, कणकवली, सिंधुदुर्ग किंवा सावंतवाडी रोड ही स्टेशनं. सावंतवाडी रोड स्टेशन शहरापासून लांब मळगावात आहे, त्यामुळे रिक्षाचा वेळ आणि पैसे हिशेबात धरा. मुक्काम कुडाळला किंवा सावंतवाडीला केला की दोन्ही बाजूंच्या जत्रा आवाक्यात येतात.

मोठ्या जत्रांना एसटी जादा गाड्या सोडते. लहान गावाला मात्र संध्याकाळची शेवटची वस्तीची गाडी तुम्हाला पोचवेल आणि परतीला सकाळचीच गाडी मिळेल. रात्रभर बसणार असाल तर हे वेळापत्रक उत्तम जमतं. मध्येच निघायचं असेल तर जाताना केलेल्या रिक्षावाल्याशीच परतीचं बोलून ठेवा. रात्री दोन वाजता आडगावात रिक्षा मिळत नाही. स्वतःची गाडी असेल तर ती कापणी झालेल्या कुणग्यांत, म्हणजे भातशेताच्या तुकड्यांत, लावायला सांगतात. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा, सकाळी सगळे एकदम निघतात.

बरोबर काय घ्यायचं: चादर किंवा शाल, कानटोपी, बसायला चटई, पाण्याची बाटली, बॅटरी आणि सुटे पैसे. कोकणात थंडी कसली, असं समजून नुसत्या शर्टावर गेलेली माणसं पहाटे तीनला चहाच्या टपरीच्या चुलीजवळ सरकलेली दिसतात. डिसेंबरात उघड्या मांडवावर दंव पडतं आणि चटईसुद्धा ओलसर लागते. बॅटरी हवीच, कारण चिऱ्यांच्या पाखाडीवरून अंधारात उतरताना पाय मुरगळतो आणि बांधावर जनावर, म्हणजे साप, असू शकतं. मोबाईलला रेंज नसेल तर ऑनलाइन पैसे जात नाहीत, म्हणून नोटा ठेवा. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय सगळीकडे नीट नसते. पोचल्याबरोबर देवळाच्या भक्तनिवासात किंवा जवळच्या घरात विचारून घ्या. गावातल्या बायका संकोच न करता घरी घेऊन जातात.

दुपारी झोप काढा. हे कुणी मनावर घेत नाही, पण रात्रीचा सगळा आनंद त्यावरच अवलंबून असतो.

पोचल्यावर

साडेआठ-नऊला पोचलात तर बरं. आधी देवळात जा, दर्शन घ्या. बायका देवीची ओटी भरतात, त्यासाठी नारळ-खण बाहेरच्या दुकानांत मिळतो. गर्दी असली तरी रांगेत धक्काबुक्की नको. तुम्ही पाहुणे आहात आणि ही त्या गावाची वर्षाची रात्र आहे. मुंबईला नोकरी करणारा मुलगा, लग्न होऊन गेलेली माहेरवाशीण, सगळे आज घरी आलेले असतात. कपडे अंगभर असावेत, आणि दारू पिऊन कुणी तिकडे फिरकू नये.

मग जत्रेत फिरा. खाजं घ्या: बेसनाच्या कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळवलेल्या, वर आल्याचा झणका. ताजं खाजं आणि पाकिटातलं जुनं खाजं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळ्यांसमोर गूळ घोळवणारा असेल त्याच्याकडेच थांबा. कुरमुऱ्याचे लाडू, चणे, शेंगदाणे, गरम भजी हे सगळं असतंच. पोटभर जेवण मात्र आधी उरकून या, कारण रात्री अकरानंतर चहा-भज्यांपलीकडे फारसं काही मिळत नाही.

नाटकाआधी पालखी निघते. ढोल-ताशाच्या आणि सनईच्या आवाजात ती देवळाभोवती फिरते, पुढे अब्दागिरी, मागे गाव. मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात, म्हणून पालखीच्या पुढे घुसून व्हिडिओ काढू नका. बाजूला उभे राहून हात जोडा. पालखी परत देवळात गेली की मांडवात माणसं सरकू लागतात. तुम्ही मात्र चटई आधीच अंथरून ठेवलेली असावी.

कुठे बसायचं

मांडवात एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष अशी बैठक बऱ्याच गावांत दिसते. अगदी पुढे मुलं बसतात, आणि नाटक रंगेपर्यंत त्यातली निम्मी तिथेच झोपी जातात. रंगमंच म्हणजे उंचवटा किंवा सपाट जमीन, मागे पडदा आणि मध्ये एक बाकडं. तेच बाकडं इंद्राचं सिंहासन होतं आणि तेच रानातली शिळा होतं.

वादक मंचाच्या एका कडेला बसतात. त्यांची बाजू आधी बघून घ्या आणि त्याच अंगाला, बाजूने दहा-पंधरा फुटांवर बसा. समोर मध्यभागी बसलात तर नटांचे चेहरे छान दिसतील, पण पेटी आणि गळा एकमेकांशी काय बोलतात ते सुटून जाईल. काही मंडळांकडे अजून पायपेटी आहे. तिचा भाता पायाने चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि भरलेला, लांब सूर मिळतो. शेजारी मृदंग. नाटकाआधी वादक डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो, ठोका देऊन ऐकतो, पुन्हा थोडी काढतो किंवा लावतो, आणि हवा तो घुमारा आला की मान हलवतो. हे बघायला थोडं लवकर येऊन बसावं. तिसरी झांज. ती नुसती लय धरते असं वाटतं, पण युद्धाच्या प्रसंगी नटाचं पाऊल झांजेवर पडतं.

रंगपटाकडेही डोकावता येईल. देवळाच्या पडवीत किंवा कनातीआड नट ट्रंक उघडून, आरसा मांडून स्वतःचा रंग स्वतः करतात. परवानगी विचारूनच उभे राहा. दिवसा शेती करणारा, रिक्षा चालवणारा माणूस नऊवारी नेसून, दागिने चढवून पाहता पाहता राणी होताना दिसतो. कारण परंपरेने स्त्रीपार्ट पुरुषच करतात. कपडे बदलताना फोटो काढू नका आणि ‘खरी बाई वाटते’ असले शेरे मोठ्याने मारू नका. तिथे सगळे नट देवाच्या पेटाऱ्याला नमस्कार करतात. तुम्हीही करा.

रात्रीचा क्रम

नावात दहा अवतार असले तरी ते सगळे दाखवत नाहीत, त्यामुळे वाट बघत बसू नका. रात्रीचे दोन भाग असतात. पहिला पूर्वरंग, ज्याला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या वेशातला संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याला मारतो. कथा एवढीच, पण संकासुर मालवणीत बोलतो आणि गावातल्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतो. मालवणी समजत नसेल तर शेजाऱ्याला विचारा, तो आनंदाने सांगेल. हल्ली काही ठिकाणी आडदशावतार फार कापतात. मला ते खटकतं, कारण गणपतीच्या प्रवेशाला पेटी, मृदंग आणि झांज पहिल्यांदा एकत्र उठतात आणि त्या रात्रीचा सूर तिथेच लागतो.

दुसरा भाग आख्यान. महाभारत, रामायण, पुराणं यांतली एखादी कथा. लिहिलेली संहिता नसते. कुणी कुठला पार्ट करायचा आणि प्रसंग कसे येणार एवढं आधी बोलून ठेवतात, संवाद मंचावरच सुचत जातात. म्हणून राजपार्ट करणारा आणि खलपार्ट करणारा दोघेही तयारीचे असले की अर्धा अर्धा तास नुसता वाद रंगतो, एकाने धर्माचा मुद्दा काढायचा, दुसऱ्याने तो उलटवायचा. मांडव श्वास रोखून ऐकतो. बाबी नालंग, सुधीर कलिंगण या गाजलेल्या दशावतारी नटांची नावं इथल्या जुन्या प्रेक्षकांसमोर काढा आणि मग गप्प बसून ऐका. कुठल्या जत्रेत कुठला संवाद कसा टाकला होता, हे तुम्हाला तोंडपाठ ऐकवतील.

गाण्याकडे कसं लक्ष द्यायचं ते सांगतो. नट बोलता बोलता पदात शिरतो. शिरण्याआधी त्याचा आवाज किंचित चढतो, आणि पेटीवाला त्या आधीच सूर धरून बसलेला असतो. कुठली पट्टी, कुठली चाल, हे मंचावर कुणी सांगत नाही. नट शेवटचा शब्द लांबवतो आणि पेटी त्याला तिथेच झेलते. हा क्षण पकडायला एकदा कान तयार झाला की रात्रभर तुम्ही त्याचीच वाट बघाल. पदांवर नाट्यसंगीताची छाप जाणवते: तान, पलटा, ओळ पुन्हा घेणं. प्रेक्षकांतून दाद आली की नट तीच ओळ वेगळ्या वळणाने घेतो. करुण प्रसंगात मृदंग थांबून पेटी एकटी राहते तेव्हा बोलू नका, मोबाईल वाजू देऊ नका.

मग युद्ध. दोन नट तलवारी घेऊन गोल फिरतात, गिरक्या घेतात, मृदंग दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जातो आणि झांज कान भरून टाकते. इथे टाळ्या, शिट्ट्या सगळं चालतं. झोपलेली मुलं उठून बसतात.

साधारण दोन ते साडेतीनचा काळ अवघड असतो. डोळे मिटायला लागतात, मांडवातली माणसं विरळ होतात. उठून एक फेरी मारा, चहा घ्या, तोंडावर पाणी मारा आणि परत या. माझा अनुभव असा की खरं गाणं याच वेळेनंतर सुरू होतं. फोटो काढणारे गेलेले असतात, उरलेले सगळे ऐकायला बसलेले असतात, आणि नटालाही ते कळतं. गळा तापलेला असतो. पहाटेकडे झुकताना एखादं भैरवीतलं पद लागलं तर दिवसा ऐकलेली भैरवी आणि ही वेगळी का वाटते, ते आपोआप कळतं.

पैसे आणि दाद

प्रयोग फुकट असला तरी बक्षीस देण्याची पद्धत आहे. एखादं पद आवडलं, मृदंगाचा तुकडा आवडला, तर पैसे थेट नटाच्या हातात कोंबायला मंचावर चढू नका. माईकजवळ बसलेल्या माणसाकडे द्या, कुणासाठी ते सांगा. तो नाव पुकारतो. वादकांसाठी मुद्दाम द्या, कारण लोकांचं लक्ष नटांकडेच जातं. आरतीचं ताट प्रेक्षकांत फिरलं तर त्यातही यथाशक्ती टाका. व्हिडिओ थोडा काढलात तर कुणी काही म्हणणार नाही. अख्खा प्रयोग मोबाईलवर प्रक्षेपित करायचा असेल तर मंडळाच्या चालक-मालकांना विचारा. फ्लॅश कधीच नको, युद्धाच्या गिरकीत नटाच्या डोळ्यांवर आलेला उजेड धोक्याचा असतो.

रात्रभर बसणं जमणार नसेल तर

डबलबारी भजन शोधा. हरिनाम सप्ताह, माघी गणपती, गणेशोत्सव, देवळाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी दोन बुवांचा ‘जंगी सामना’ लागतो. प्रत्येक बुवा आपली पेटी, पखवाज, चकी हे तालवाद्य आणि कोरस घेऊन बसतो. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. नमन, अभंग, गौळण, गजर असं भजन चढत जातं. मधूनच एक बुवा पुराणातला प्रश्न टाकतो, दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊन त्याचं उत्तर द्यायचं. चिमटे, टोमणे असतात, पण विठ्ठलाच्या नावानेच. गजराच्या वेळी सगळा मांडव टाळ्यांचा ठेका धरतो, तुम्हीही धरा. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ, विलास पाटील या बुवांची परंपरा सांगणारे शिष्य आज गावोगाव गातात. पखवाजाचा ज्यांना नाद आहे त्यांनी तर आधी डबलबारीच ऐकावी, इतका तो इथे मोकळा सुटतो.

आणि तुम्ही रत्नागिरीकडे, संगमेश्वर-चिपळूण-गुहागरच्या बाजूला असाल तर दशावताराच्या मागे धावू नका. तिथे नमन आणि जाखडी या लोककला आहेत. जाखडीत शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष सवाल-जवाब करतात, मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती चाळ बांधून फेर धरणारी पोरं. ती वेगळी रात्र आहे, तिच्यासाठी वेगळं यावं.

उजाडताना

आख्यान संपलं की लगेच चटई गुंडाळू नका. दहीहंडी फुटते, काला होतो. गावातली जुनी माणसं या सगळ्या रात्रीलाच ‘धयकालो’ म्हणतात. काल्याचा प्रसाद घेऊन मगच उठा. कालपासून शेजारी बसलेल्या आजींनी एव्हाना ‘तुमी खयसून इलास?’, म्हणजे कुठून आलात, असं विचारलेलं असेल आणि घरी चहाला चला म्हणून आग्रहही केला असेल. वेळ असेल तर जा.

गाडी स्वतः चालवणार असाल तर निदान दोन तास झोपल्याशिवाय घाटाला लागू नका. आंबोली, फोंडा, करूळ, कुठलाही घाट असो, तो झोपेच्या डोळ्यांनी उतरण्या-चढण्याची जागा नव्हे. एसटीने जाणार असाल तर पहिली गाडी कधी हे रात्रीच विचारून ठेवलेलं असेलच. आणि निघण्याआधी पेटीवाल्यांना गाठा. ते पेटी फडक्यात गुंडाळत असतील. त्यांना नमस्कार करून आज रात्री मंडळ कुठल्या गावात आहे ते विचारा, म्हणजे दुपारी किती वाजता झोपायचं ते ठरवता येईल.